दिल्लीच्या काविळीचा पंचवीस वर्षांनी लागलेला निकाल

१९५५ चा पावसाळा संपता संपता यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरला तेव्हा वझिराबादजवळ नदीने आपली धार बदललेली होती. दिल्ली शहराचं पाणी वझिराबादलाच उपसलं जायचं आणि त्याच्या खालच्या अंगाला नजफगढ नाला यमुनेत पडायचा. एरवी नाल्याची घाण प्रवाहाबरोबर पुढे निघून जाई. त्या नोव्हेंबरात ती उलटी चढली आणि जवळपास आठवडाभर उपशाच्या तोंडाशी मैलापाणी येत राहिलं. जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांच्या हे ध्यानात आलं होतं. त्यांनी तुरटी आणि क्लोरीन दोन्हींची मात्रा वाढवली. शहरात विषमज्वर वाढला नाही, हगवण वाढली नाही. डिसेंबर लागला आणि घराघरांत माणसं पिवळी पडू लागली.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत साथ चालली. उघड कावीळ झालेल्यांचा अंदाज २९,३०० असा निघाला. डोळे पिवळे न होताच ज्यांचं यकृत सुजून गेलं त्यांनाही धरलं तर आकडा लाखाच्या घरात जात होता. या साथीचा बारकाईने अभ्यास केला तो रामन विश्वनाथन यांनी. खरं तर हे छातीच्या विकारांचे डॉक्टर, दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे प्रमुख. पण काविळीच्या जागतिक इतिहासात त्यांचं नाव राहिलं ते १९५७ च्या त्यांच्या अहवालामुळे. मैलापाणी नळात शिरल्याचे दिवस पक्के ठाऊक होते आणि रुग्ण कधी पिवळे पडले तेही ठाऊक होतं. त्यामुळे रोग अंगात शिरल्यापासून उमटेपर्यंत किती दिवस जातात याचं इतकं नेमकं मोजमाप तोवर कुठल्याच शहरव्यापी साथीत जमलेलं नव्हतं.

अहवालात दोन गोष्टी जरा विचित्र होत्या. आजारी पडलेल्यांत भर होता तो पंधरा ते चाळीस वयाच्या माणसांचा. मुलं त्या मानाने सुटली होती. आणि मरणाचं प्रमाण एकूण कमी असताना गरोदर बायका मात्र मोठ्या संख्येने दगावल्या होत्या. या दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या गेल्या, छापल्या गेल्या, आणि रोगाचं नाव ठरलं ‘इन्फेक्शियस हिपॅटायटिस’. पुढे त्यालाच हिपॅटायटिस ‘ए’ म्हणू लागले. हे निदान चुकीचं होतं. ते चुकीचं आहे हे कळायला पंचवीस वर्षं लागली, आणि त्यात दिल्लीच्या डॉक्टरांचा दोष नव्हता. त्या वेळच्या प्रयोगशाळेकडे तो प्रश्न विचारण्याचं साधनच नव्हतं.

साधनं काय होती ते पाहण्यासारखं आहे. डच डॉक्टर हेमान्स फान डेन बेर्ख यांनी १९१०-२० च्या दशकात दाखवून दिलं होतं की रक्तातला पिवळा रंग, म्हणजे बिलिरुबिन, रासायनिक कसोटीला दोन तऱ्हांनी उत्तर देतो. एक भाग लगेच रंग धरतो, दुसरा अल्कोहोल घातल्यावरच. आजही आपल्या रिपोर्टवर ‘डायरेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट’ असे दोन आकडे छापलेले असतात ते तिथूनच आलेत. तांबड्या पेशी फुटून आलेल्या काविळीत इनडायरेक्ट वाढतं. यकृत सुजलं किंवा पित्तनळी तुंबली तर डायरेक्ट. या शेवटच्या दोघांत फरक करायला अल्कलाइन फॉस्फटेज होतं, कारण ते नळी तुंबल्यावर भरमसाठ चढतं. शिवाय थायमॉलची कसोटी होती. सीरममध्ये थायमॉलचं द्रावण घातलं की यकृताला सूज असेल तर ते गढूळ होई, नुसता खडा अडकला असेल तर सहसा स्वच्छ राही. या कसोट्या आज अडगळीत गेल्या आहेत, पण त्यांनी कितीतरी जीव वाचवले. हिपॅटायटिसच्या रुग्णाचं पोट खडा समजून उघडणं म्हणजे त्याला मरणाच्या दारात लोटणं होतं, आणि शस्त्रवैद्याचा हात या साध्या कसोट्यांनी थांबवला.

त्याआधी तर गैरसमज फार खोलवर होता. विर्शोसारख्या मातब्बर विकृतिशास्त्रज्ञाच्या मतामुळे युरोपात अनेक दशकं असं मानलं गेलं की साधी कावीळ म्हणजे आतड्याच्या पडशाने पित्तनळीच्या तोंडाशी बसलेला चिकट बोळा. तिला ‘कॅटार्‍हल जाँडिस’ म्हणत. संसर्ग वगैरे काही नाही, नुसता बोळा. पण १८८३ साली जर्मनीतल्या ब्रेमेनच्या गोदीत देवीची लस टोचलेल्या १,२८९ कामगारांपैकी १९१ जणांना पुढच्या महिन्यांत कावीळ झाली. लस माणसाच्या लसिकेपासून केलेली होती. ल्युर्मन नावाच्या डॉक्टरने १८८५ साली हे मांडलं आणि जगाने ते बाजूला ठेवलं. १९४२ मध्ये अमेरिकन सैन्याने पीतज्वराची लस टोचली. तिच्यात टिकाऊपणासाठी मानवी सीरम मिसळलेलं होतं. सुमारे पन्नास हजार सैनिक काविळीने इस्पितळात भरती झाले. आता बोळ्याची गोष्ट सांगणं कुणालाच शक्य नव्हतं.

१९४७ मध्ये ब्रिटिश संशोधक मॅकॅलम यांनी दोन नावं सुचवली. तोंडावाटे पसरणारा, लवकर उमटणारा तो हिपॅटायटिस ए. रक्तातून, सुईतून जाणारा, उशिरा उमटणारा तो हिपॅटायटिस बी. फरक ओळखायचा कसा? रुग्णाला विचारून. पाणी घाण होतं का, सुई टोचली होती का, किती दिवस झाले. दिल्लीत पाणी घाण होतं आणि दिवस मोजलेले होते, तेव्हा उत्तर ‘ए’ येणारच. दोनच कप्पे असताना तिसऱ्यात कुणी काय टाकणार!

दिल्लीत साथ चालू होती त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये कार्मेन, रोब्लेव्स्की आणि लड्यू हे तिघे रक्तातल्या ट्रान्सअमायनेज विकरांचं मोजमाप बसवत होते. सुरुवात त्यांनी हृदयविकारापासून केली, पण लगेचच लक्षात आलं की यकृतात या विकरांचा साठा प्रचंड आहे आणि पेशी फुटल्या की तो रक्तात सांडतो. आपल्या घराघरांत आज ज्याला एसजीपीटी आणि एसजीओटी म्हणतात ते हेच. इटलीत नेपल्सच्या दे रितीस यांनी या दोघांचं गुणोत्तर मांडलं. विषाणूच्या तीव्र काविळीत एसजीपीटी सहसा एसजीओटीपेक्षा वर असतं आणि दोन्ही हजाराच्या पुढे जातात. दारूने सुजलेल्या यकृतात उलट होतं: एसजीओटी दुपटीहून वर आणि आकडे मात्र क्वचितच तीनशेपलीकडे. रक्तदाब कोसळून यकृताचा रक्तपुरवठा तुटला, किंवा कुणी पॅरासिटामॉलचा जीवघेणा डोस घेतला, तर आकडे अनेक हजारांवर उडतात; पहिल्या प्रकारात ते काही दिवसांत तितक्याच वेगाने खाली येतात. पित्तनळी तुंबल्यावर एसजीपीटी माफक आणि अल्कलाइन फॉस्फटेज चढं.

इतका तपशील हाताला लागला, तरी मूळ प्रश्न तिथेच राहिला. ए असो, बी असो की आणखी कुणी, विषाणू यकृताच्या पेशी फोडतो तेव्हा एसजीपीटी सारखंच वाढतं. पेशी फुटल्या हे त्यातून समजतं, कोणी फोडल्या ते समजत नाही. आजही अनेक रुग्णांची तपासणी तिथेच थांबते, आणि मला वाटतं, काविळीबाबत आपल्याकडचं सगळ्यात मोठं अज्ञान हे आहे.

पहिला विषाणू सापडला तो यकृताकडे न पाहणाऱ्या माणसाला. बारूक ब्लुम्बर्ग अमेरिकेत वेगवेगळ्या मानवसमूहांच्या रक्तातल्या प्रथिनांमधले आनुवंशिक फरक शोधत होते. वारंवार रक्त घ्यावं लागणाऱ्या रुग्णांच्या अंगात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं असणार, हा त्यांचा होरा. १९६३ मध्ये हार्वे ऑल्टर यांच्यासह काम करताना न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाचं सीरम ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या सीरमशी जुळलं आणि अगारच्या थरात पांढरी रेघ उमटली. नाव पडलं ऑस्ट्रेलिया अँटिजेन. त्याचा अर्थ लागायला तीन-चार वर्षं गेली. डाऊन सिंड्रोमच्या एका रुग्णाच्या रक्तात आधी हे अँटिजेन नव्हतं, पुढच्या तपासणीत ते सापडलं, आणि त्याच वेळी त्याच्या यकृताच्या विकरांचे आकडे चढलेले होते. मग ब्लुम्बर्ग यांच्याच प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञ तरुणी आजारी पडली, तिने स्वतःचं सीरम लावून पाहिलं आणि रेघ उमटली. ज्याला आपण आज एचबीएसएजी म्हणतो ते हे अँटिजेन म्हणजे हिपॅटायटिस बी विषाणूचं वेष्टनप्रथिन होतं. १९७६ चं नोबेल ब्लुम्बर्ग यांना मिळालं.

‘ए’ची वाट कमी स्वच्छ होती. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक संस्थेत सॉल क्रुगमन यांनी मतिमंद मुलांना मुद्दाम काविळीचा संसर्ग दिला आणि १९६७ मध्ये एमएस-१ व एमएस-२ असे दोन स्वतंत्र वाण सिद्ध केले. विज्ञानाला त्याचा उपयोग झाला हे नाकारता येत नाही, पण ज्या मुलांना नकार देता येत नव्हता त्यांच्यावर ते केलं गेलं, म्हणून ते काम वैद्यकीय नीतिशास्त्राच्या वर्गात आजही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं असतं. एमएस-१ वाण पुढे इलिनॉयच्या जोलिएट तुरुंगातल्या कैद्यांना दिला गेला. त्यांच्या विष्ठेत १९७३ मध्ये फाइनस्टोन, कापिकियान आणि पर्सेल यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सत्तावीस नॅनोमीटरचे कण दिसले. बऱ्या झालेल्या रुग्णाचं सीरम घातल्यावर ते कण गुच्छ करून चिकटत होते, म्हणून तर ओळखता आले.

आता ए आणि बी दोघांच्या चाचण्या झाल्या. त्या लावून पाहिल्यावर पहिलाच धक्का बसला: अमेरिकेत रक्त दिल्यानंतर होणारी पुष्कळशी कावीळ दोन्हींपैकी कशातच बसत नव्हती. १९७५ मध्ये तिला ‘नॉन-ए, नॉन-बी’ हे निव्वळ नकाराचं नाव मिळालं. १९८९ मध्ये तिचा मुख्य सूत्रधार हिपॅटायटिस सी निघाला. पण दिल्लीच्या प्रकरणाला त्याहून महत्त्वाची ठरली ती आयजीएमची चाचणी. शरीर नव्या विषाणूशी पहिल्यांदा झुंजतं तेव्हा आयजीएम जातीची प्रतिपिंडं तयार करतं. ती काही महिन्यांत विरतात. नंतर आयजीजी येतात आणि हिपॅटायटिस एच्या बाबतीत ती आयुष्यभर राहतात. म्हणजे नुसती ‘एविरुद्धची प्रतिपिंडं आहेत’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. भारतात तर त्या काळी दहा वर्षांचं होईतो जवळजवळ प्रत्येक मूल ए सोसून मोकळं झालेलं असे, बहुतेकदा घरच्यांना पत्ताही न लागता. मोठ्या माणसात आयजीजी सापडणारच. आजची कावीळ एची आहे का, हे फक्त आयजीएम सांगू शकतं. १९७७ पासून ती चाचणी करता येऊ लागली.

इथे गोष्ट पुण्यात येते. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने सुरू झालेलं व्हायरस रिसर्च सेंटर १९७८ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी, आपली एनआयव्ही, झालं. खोरशेद पावरी संचालक होत्या. १९७८-७९ मध्ये खुद्द पुण्यातच काविळीची साथ आली. तिचं सीरम, १९७५-७६ च्या अहमदाबादच्या साथीचं सीरम आणि दिल्लीच्या १९५५-५६ च्या साथीतलं जपून राहिलेलं सीरम, असे तिन्ही साठे नव्या चाचण्यांसमोर ठेवले गेले. डोरिस वोंग आणि रॉबर्ट पर्सेल अमेरिकेत, श्रीनिवासन, प्रसाद आणि पावरी पुण्यात. १९८० च्या ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला. तिन्ही साथींतल्या रुग्णांच्या रक्तात एविरुद्धची जुनी प्रतिपिंडं होती, नव्या संसर्गाची खूण नव्हती. बीचाही पुरावा नव्हता. पंचवीस वर्षं पाठ्यपुस्तकांत हिपॅटायटिस एची आदर्श साथ म्हणून दाखवली जाणारी दिल्लीची साथ एची नव्हतीच.

वयाचं ते कोडंही सुटलं. मुलांनी सोसून टाकलेला रोग तरुणांना साथीने होईलच कसा? विश्वनाथन यांच्या तक्त्यात उत्तर १९५७ पासूनच छापलेलं होतं, फक्त ते वाचायची चावी नव्हती.

१९८० मध्येच काश्मीरमधून दुसरा पुरावा आला. श्रीनगरचे तरुण डॉक्टर मोहम्मद सुलतान खुरू यांनी १९७८ च्या हिवाळ्यात खोऱ्यातल्या गावांत घरोघर फिरून एका साथीची नोंद केली होती. लोक पीत ते पाणी एकाच नाल्याचं. त्यांनी जमवलेल्या सीरममध्येही ए नाही, बी नाही. रक्तातून जाणाऱ्या नॉन-ए नॉन-बीपेक्षा हा वेगळाच, नवा मानवी विषाणू असावा, असं त्यांनी १९८० मध्ये स्पष्ट लिहिलं. पुढच्या वर्षी गरोदर बायकांचा अभ्यास आला: कावीळ झालेल्या गरोदर बायकांपैकी २२ टक्क्यांचं यकृत पार निकामी झालं होतं, गरोदर नसलेल्या बायकांत असं एकीचंही झालं नव्हतं. दिल्लीच्या त्या दुसऱ्या विचित्र नोंदीला आता जोड मिळाली.

विषाणू प्रत्यक्ष पाहायचा बाकी होता. मॉस्कोचे मिखाईल बालायान सोव्हिएत सैनिकांमधल्या काविळीच्या तपासासाठी मध्य आशियात गेले होते. नऊ रुग्णांच्या विष्ठेचा गाळलेला अर्क त्यांनी स्वतः प्यायला. त्यांच्या रक्तात एविरुद्धची प्रतिपिंडं आधीच होती, म्हणजे आता काही झालं तर ते एमुळे नाही हे नक्की. असला प्रयोग आज कुठलीही समिती मंजूर करणार नाही, आणि योग्यच आहे. पण विलोब्रुकच्या मानाने इथे निदान जीव स्वतःचा होता. छत्तिसाव्या दिवशी त्यांना कावीळ झाली. त्यांच्या विष्ठेत सत्तावीस ते तीस नॅनोमीटरचे कण दिसले आणि माकडांनाही त्या कणांनी रोग झाला. १९८३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. १९८८ मध्ये विद्या अरणकल्ले आणि पुण्यातल्या व अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी भारतीय साथींतल्या अशा कणांचा काविळीशी संबंध दाखवला. १९९० मध्ये कॅलिफोर्नियात विषाणूच्या जनुकांचा तुकडा वेगळा काढता आला आणि मग चाचणी करता आली. नाव पडलं हिपॅटायटिस ई. १९९४ मध्ये अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या सतरा साथी तपासल्या. सोळा साथींत ई सापडला. राहिलेली एक, अंदमानची, कशातच बसली नाही.

कोल्हापूरच्या अशाच एका साथीचा सीरम-अभ्यास १९८४ मध्ये आला होता. २०१२ मध्ये इचलकरंजीत पुन्हा तीच कहाणी घडली. नदी, गटार, नळ, आणि काही आठवड्यांनी कावीळ. वझिराबादपासून आपण पाण्याच्या बाबतीत फार पुढे आलोय असं म्हणवत नाही. चाचण्यांच्या बाबतीत आलोय, पण त्या वाचता आल्या पाहिजेत. उदाहरणार्थ, एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं म्हणून आजची कावीळ बीचीच असं नाही. तो माणूस जन्मापासून बी वागवत असेल आणि आजची सूज ईची असेल. ताज्या बीची खूण आहे बी विषाणूच्या गाभ्याविरुद्धचं आयजीएम. २००९ मध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा इथे पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांमुळे तीव्र बीची साथ पसरली आणि कितीतरी माणसं गेली, तेव्हा हाच फरक कामाला आला. १९७७ मध्ये रिझेट्टो यांनी तुरीनमध्ये शोधलेला डी तर बीच्या आधाराशिवाय जगतच नाही, म्हणून तो शोधायचा फक्त एचबीएसएजी पॉझिटिव्ह रुग्णात. सीची प्रतिपिंडं कित्येक आठवडे उमटत नाहीत; संशय असेल तर आरएनए तपासावा लागतो. आणि कोकणात, मुंबईत पावसाळ्यात कावीळ झाली, बिलिरुबिन वीसच्या पुढे पण एसजीपीटी जेमतेम दोनशे, क्रिएटिनिन वाढलेलं आणि प्लेटलेट घटलेल्या, तर बहुधा तो विषाणू नव्हेच, लेप्टोस्पायरोसिस असतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईतल्या डॉक्टरांनी हे पुरेपूर पाहिलं.

कावीळ उतरवणारे वैदू, गळ्यात वाढत जाणारी माळ, चुन्याच्या पाण्यात पिवळे होणारे हात, हे सगळं आपल्याकडे टिकून आहे त्याचंही कारण इथेच आहे. ए आणि ई बहुतेकांत आपोआप बरे होतात, आणि श्रेय माळेला जातं. एसजीपीटी खाली आलं की घरचे सुस्कारा सोडतात. पण फोडायला पेशीच उरल्या नाहीत तरीही ते खाली येतं. त्या वेळी खरं बोलतो तो प्रोथ्रॉम्बिन टाइम. रक्त गोठायला वेळ वाढत चालला असेल, तर एसजीपीटीच्या उतारावर विसंबू नये.

म्हणून एक विनंती. घरातल्या गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर तिला माळ घालायला नेऊ नका, ‘एसजीपीटी फार नाही’ एवढ्यावर घरीही ठेवू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा आणि हिपॅटायटिस ईचं आयजीएम व प्रोथ्रॉम्बिन टाइम या दोन तपासण्या नाव घेऊन मागा.